तेरियाकी माशातले कार्ब्स मोजायचे कसे?

मला टाइप 1 डायबिटीस आहे आणि सध्या नोकरीमुळे टोकियोत राहतोय. आई फोनवर विचारते, "तिकडे खातोस काय?" मी म्हणतो, मासे. ती निश्चिंत. तिचं चुकत नाही, कारण माशाच्या मांसात कार्ब्स जवळपास शून्य असतात. सुरमई घ्या, सॅमन घ्या, नाहीतर इथला बुरी घ्या. (नावावर जाऊ नका, मासा झकास आहे.)

तर पहिल्याच आठवड्यात बुरी तेरियाकी खाल्ली. शिजलेला जपानी भात 150 ग्रॅम, म्हणजे अंदाजे 55 ग्रॅम कार्ब्स. तेवढ्याचंच इन्सुलिन घेतलं, मासा 'फ्री' धरला. दोन तासांनी शुगर 118 वरून 205!

मग बग शोधायला बसलो. दोन तुकड्यांची घरगुती रेसिपी बघा: सोया सॉस, मिरिन आणि साके दोन-दोन मोठे चमचे, साखर एक. मिरिन म्हणजे तांदळाची गोड वाइन. तिच्या एका चमच्यात सुमारे 8 ग्रॅम कार्ब्स, म्हणजे दोनाचे 16. साखरेचे 9. सोया आणि साके मिळून चार-पाच. एकूण 30, म्हणजे एका तुकड्याला 15. वर माशाला मैदा चोळलेला असेल तर अजून चार-पाच. माझा रेशो 1 युनिटला 10 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दोन युनिट कमी पडली होती.

आधी मी ताटातला सॉस बघायचो. "एवढासाच तर आहे!" इथेच फसतो आपण. सॉस आटवताना पाणी आणि अल्कोहोल उडतं, साखर कुठे जाणार? सॉस जितका घट्ट आणि चकचकीत, तितका एका चमच्यात गोडवा जास्त. म्हणून ताटात किती दिसतोय ते सोडा, पॅनमध्ये काय पडलं ते मोजा. पॅनला चिकटून राहिलं तेवढं वजा करा. पुण्यात स्वीट चिली फिश मागवलीत तरी हिशोब हाच, फक्त वर कॉर्नफ्लोरचं कोटिंग धरा.

पॅकेटबंद मासा असेल तर सोपं. लेबलवर 'तान्सुइकाबुत्सु' म्हणजे कार्बोहायड्रेट्स छापलेले असतात. फक्त आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका तुकड्याचा, ते बघा.

हॉटेलात मात्र मी खालचा अंदाज धरतो, तुकड्याला 10. दोन तासांनी तपासतो, गरज वाटली तर थोडं अजून घेतो, तेही आधीचं इन्सुलिन अंगात आहे हे लक्षात ठेवून. कारण जास्त धरलं तर रात्री फ्लॅटवर एकटा, शुगर 55, हात थरथरतायत आणि ज्यूसचं झाकण उघडत नाहीये. तुमचा रेशो तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या हं.

आणि उनागी डोनबुरी? त्यात सॉस थेट भातावरही ओततात. मी एक वाक्य पाठ केलंय: "तारे वा बेत्सु दे ओनेगाई शिमासु." सॉस वेगळा द्या. परवा काकांनी छोट्या वाटीत दिला. दोन चमचे घेतले, बाकीचा तसाच ठेवला.