चोपडींतून पोर्टलाकडे : खानदेशांतील संगणक-शिक्षण

रावेर किंवा यावल तालुक्यांतील केळीच्या व्यापाऱ्याची चोपडी उघडली, तर शेतकऱ्याचें नांव, त्याचें गांव, मालाचें वजन आणि भाव अशा नोंदी ओळीनें मांडलेल्या दिसतात. एकच शेतकरी हंगामांत आठ वेळां माल घालतो, म्हणून त्याचें नांव-गांवही आठ वेळां लिहिलें जातें. कागदावर ही पुनरुक्ति कोणास खुपत नाहीं. संगणकांत मात्र तीच घोटाळ्याची जननी ठरते. कारण सात ठिकाणीं दुरुस्ती झाली आणि आठवें राहून गेलें, तर खरें कोणतें हें यंत्रास कळावें कसें?

यावरील उपाय १९७० सालीं एडगर कॉड या गणितज्ञानें सुचविला. माहिती लहान लहान कोष्टकांत वांटावी, प्रत्येक गोष्ट एकदांच लिहावी, आणि कोष्टकें एकमेकांशीं ओळख-क्रमांकानें जोडावीं, असें त्याचें म्हणणें होतें. आजचें पोर्टल याच पायावर उभें असतें. त्याचें पान आधीं लिहून ठेवलेलें नसतें. कोणी मागणी केली, कीं तत्क्षणीं कोष्टकांतून निवडून तें रचलें जातें.

आजच्या जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांच्या भागासाठीं १९९० सालीं जळगांवास विद्यापीठ निघालें. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. बांभोरी आणि शिरपूर येथें अभियांत्रिकी महाविद्यालयें आहेत. या भागांतील विद्यार्थ्यास पहिला धडा आपल्या गांवांतच मिळूं शकतो. एकेका गांवांत पाटील, महाजन आणि चौधरी इतके, कीं नांव हें ओळखीचें साधन होऊं शकत नाहीं. मग क्रमांक हवा. देशांतील १२ अंकी आधार क्रमांकांचें पहिलें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं टेंभली या नंदुरबार जिल्ह्यांतील गांवींच झालें. तरीपण तोच क्रमांक प्रत्येक कोष्टकाची किल्ली करणें शहाणपणाचें नव्हे. एका ठिकाणची चोरी मग सर्वत्र भोंवते. पोर्टलानें स्वतःचा निराळा क्रमांक द्यावा, हेंच बरें.

तीन महिन्यांत पोर्टल शिकविणारे वर्ग आधीं पडद्यावरचीं रंगीत बटनें शिकवितात आणि कोष्टकें शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. हा क्रम उलटा आहे. आधीं पाया, मग रंग. त्या घाईंत एक धोका हमखास राहतो. पोर्टलावरील नांवाच्या चौकटींत कोणी नांवाऐवजीं डेटाबेसला द्यावयाची आज्ञाच लिहिली, आणि प्रोग्रॅमनें ती आपल्या आज्ञेंत जशीच्या तशी जोडली, तर सबंध कोष्टक उघडें पडतें, कधीं पुसलेंही जातें. म्हणून आज्ञा आधीं पक्की ठरवावी आणि बाहेरून आलेला मजकूर केवळ मजकूर म्हणूनच तिच्या हवालीं करावा.

मराठी अक्षरांची अडचण वेगळीच. जुन्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण आंत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असत. फॉन्ट बदलला कीं नांवाचा चुथडा होई. युनिकोडनें तें संकट टळलें. तरी ‘जळगाव’ आणि ‘जळगांव’ हीं संगणकास अद्यापि दोन निराळीं गांवें वाटतात. म्हणून गांवांचीं नांवें टाईप करावयास न देतां, यादींतून निवडावयास द्यावीं लागतात.

सर्वांत अवघड धडा गर्दीचा. समजा, वसतिगृहांत एकच जागा उरली आहे. धुळ्याची एक मुलगी आणि चोपड्याची दुसरी, दोघी एकाच क्षणीं पोर्टल उघडतात. दोघींनाही जागा रिकामी दिसते, दोघीही पैसे भरतात. जागा तपासणें, ती नोंदणें आणि पैसे स्वीकारणें हीं कामें मिळून एकच अखंड व्यवहार मानावा लागतो. एकीचा पुरा होईतों दुसरीनें थांबावयाचें, आणि मध्येंच वीज गेली तर सारेंच रद्द होऊन पैसे परत जावयाचे.