कुष्ठरोगातील दाह आणि शरीरातील स्निग्ध दूत

करमाळ्याच्या कोरडवाहू रानात ज्वारी काढणाऱ्याला विळ्याची धार बोटास लागलेली कळू नये आणि रक्त पाहिल्यावरच जखम ध्यानात यावी, यात कुष्ठरोगाचा खरा घात आहे. हा रोग दिसतो कातडीवर. पण नाश करतो तो मज्जातंतूंचा. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या अभ्यासात मज्जातंतूंच्या या विकृतीकडेच विशेष लक्ष वेधले होते.

नॉर्वेतील हान्सेन यांना या रोगाचे जंतू 1873 साली आढळले. त्यापूर्वीच जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो यांनी रोग्यांच्या गाठींतील फेसाळ पेशींचे वर्णन केले होते. हा फेस म्हणजे स्निग्ध द्रव्याचे थेंब होत. जंतूंना गिळून नष्ट करणे हे ज्या पेशींचे काम, त्यांच्यातच हे थेंब साठतात आणि जंतू तेथे निर्धास्त नांदतात. तथापि हे थेंब म्हणजे नुसते कोठार नव्हे. तेथे प्रोस्टाग्लँडिन ई-2 नावाचे द्रव्य तयार होते व ते रक्षक पेशींचा जोर मंदावते. म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरात त्याला गुंगी आणणारे औषध सिद्ध व्हावे, असा हा प्रकार आहे.

स्निग्धाम्लांपासून होणारे असे दूत अनेक आहेत. ल्युकोट्रिन बी-4 पांढऱ्या पेशींना दाहस्थळी पाचारण करते, तर लायपॉक्सिन व रिझॉल्व्हिन दाह शमवितात. कुष्ठरोगात या दूतांचा तोल कसा ढळतो, याचा शोध आज चालू आहे.

या शोधाचे महत्त्व ‘प्रतिक्रिया’ या अवस्थेत कळते. चट्टे एकाएकी लाल होतात, दुखऱ्या गाठी व ताप येतो, कोपराजवळची शीर सुजते. ही अवस्था उपचार चालू असताना, किंबहुना तो संपल्यावरही येऊ शकते. कारण मेलेल्या जंतूंचे अवशेषही शरीरास चेतवितात. औषध बाधले असे समजून रोगी गोळ्या सोडतो, आणि तेथेच हात गमावतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली पुरस्कारिलेला बहुविध औषधोपचार जंतूंना मारतो; दाहाला वेगळे औषध लागते. प्रेडनिसोलोन हे पेशींच्या आवरणातून स्निग्धाम्ल सुटण्यालाच आळा घालते. म्हणून गोळ्या न सोडता तत्काळ वैद्यकीय सल्ला घेणे, हाच हात वाचविण्याचा मार्ग होय.