मोठ्या संगणक-जाळ्यांची रचना : मार्ग कोण ठरवतो?

दूरसंचार अभियंत्यांना जबलपूर हे नाव परिचित आहे. १९४२ पासून या शहरात दूरसंचार प्रशिक्षण केंद्र कार्यरत असून, आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. टेलिफोनच्या काळात सुरू झालेल्या या केंद्रात आता संगणक-जाळ्यांचेही शिक्षण दिले जाते. शासकीय दाखले, बँकांचे व्यवहार आणि रेल्वेचे आरक्षण अशाच जाळ्यांवर अवलंबून असल्याने त्यांच्या रचनेचा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी संगणक-जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्य मुख्यालय, जिल्हा आणि ब्लॉक अशा उतरत्या क्रमाने कार्यालये जोडणे आणि प्रत्येक जोडणीला सेकंदाला किमान २ मेगाबिट क्षमता देणे, हे तिचे सूत्र होते. मध्य प्रदेशात या उतरंडीच्या शिखरावर भोपाळ, मधल्या पायरीवर जबलपूरसारखी जिल्हा केंद्रे आणि तळाशी सिहोरा, पाटण, कुंडम यांसारखे ब्लॉक येतात.

उतरंड कशासाठी?

जबलपूर जिल्ह्यात सात ब्लॉक आहेत. जिल्हा केंद्रासह ही आठ ठिकाणे परस्परांशी थेट जोडायची झाल्यास २८ जोडण्या लागतील. ठिकाणे पन्नास झाली, तर हाच आकडा १,२२५ वर जातो. याउलट प्रत्येक ब्लॉक केवळ जिल्हा केंद्राशी जोडल्यास सातच जोडण्या पुरतात. मात्र त्यातील एक तुटली, तर त्या ब्लॉकमधील कामकाज ठप्प होते आणि शाळाप्रवेशासाठी दाखला मागणाऱ्या नागरिकाला रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणूनच महत्त्वाच्या केंद्रांना दुसरा मार्ग दिला जातो. हा मार्ग वेगळ्या रस्त्याने गेलेला असणे आवश्यक आहे. दोन्ही केबल एकाच चरातून नेल्या असतील, तर रस्त्याचे एकच खोदकाम दोन्ही तोडू शकते.

पत्त्यांची शिस्त

जाळ्यातील राऊटर हे उपकरण माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरील पत्ता वाचून त्याची पुढची दिशा ठरवते. येथे टपाल खात्याचे उदाहरण उपयोगी पडते. संस्कृतचे अभ्यासक श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड पद्धत सुरू झाली. मुंबईतील टपाल कर्मचाऱ्याला ४८२००१ या क्रमांकाचे पत्र जबलपूरच्या दिशेने पाठवण्यासाठी पहिले तीन अंक पुरेसे असतात. तेथील गल्लीबोळांची माहिती त्याला असण्याची गरज नसते.

संगणकांचे पत्तेही असेच गटवार आणि सलग दिले, तर भोपाळच्या राऊटरला संपूर्ण जबलपूर जिल्ह्यासाठी एकच नोंद पुरते. पत्ते मिळेल तसे वाटले, तर प्रत्येक कार्यालयाची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते आणि जाळे वाढेल तसा यंत्रांवरील भार वाढत जातो.

कोणता प्रोटोकॉल निवडावा?

मार्गांची माहिती राऊटर परस्परांना ठराविक नियमांनुसार देतात. या नियमांच्या संचाला राऊटिंग प्रोटोकॉल म्हणतात. १९८८ मध्ये प्रमाणित झालेला ‘रिप’ हा त्यातील सर्वांत सोपा प्रोटोकॉल. तो दर ३० सेकंदांनी शेजाऱ्यांना आपला तक्ता पाठवतो आणि वाटेत किती राऊटर लागतात, एवढेच मोजतो. त्यामुळे २ मेगाबिटचा थेट मार्ग आणि एका टप्प्यावरून जाणारा १०० मेगाबिटचा मार्ग उपलब्ध असल्यास तो संथ मार्गच निवडतो. पंधराहून अधिक टप्पे त्याला मोजता येत नाहीत. एखादा शेजारी गप्प झाला, तर त्याच्याकडून कळलेला मार्ग रद्द करण्यापूर्वी तो साधारणपणे तीन मिनिटे वाट पाहतो. लहान कार्यालयाला हे चालते, राज्याच्या जाळ्याला नाही.

‘ओएसपीएफ’ या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राऊटर आपल्या विभागाचा संपूर्ण नकाशा बाळगतो. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने तो सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो. जोडणीची क्षमता हा त्या खर्चाचा आधार असतो. बिघाड लक्षात येताच नवा मार्ग सहसा काही सेकंदांत ठरतो. मोठे जाळे विभागांत वाटून सर्व विभाग एका मध्यवर्ती कण्याशी जोडण्याची सोय त्यात आहे. पत्ते सलग असतील आणि विभागाच्या सीमेवर त्यांची एकत्रित नोंद केलेली असेल, तर सिहोऱ्यातील बिघाडामुळे राज्यभरातील राऊटरना फेरगणित करावे लागत नाही.

सिस्को कंपनीचा ‘ईआयजीआरपी’ हाही वेगवान प्रोटोकॉल आहे. मात्र तो दीर्घकाळ त्या कंपनीच्याच उपकरणांपुरता मर्यादित होता. २०१३ मध्ये त्याचे तपशील खुले झाले, तरी वेगवेगळ्या कंपन्यांकडून खरेदी करणाऱ्या संस्थांसाठी ‘ओएसपीएफ’सारखा सर्वमान्य प्रोटोकॉल अधिक सोयीचा ठरतो.

सीमेपलीकडचा व्यवहार

स्वतंत्र संस्थांची जाळी परस्परांशी जोडताना ‘बीजीपी’ वापरला जातो. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मधील आहे. कोणाची वाहतूक कोणामार्फत जावी, हा करारांचा आणि धोरणाचा प्रश्न त्यातून हाताळला जातो. हा व्यवहार बराचसा विश्वासावर चालत आला आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तेथील दूरसंचार कंपनीने केलेली मार्गनोंद चुकून देशाबाहेर पसरली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात ते संकेतस्थळ उघडेनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामात फेसबुकचे अंतर्गत मुख्य जाळे खंडित झाले, पाठोपाठ बाहेरच्या जगाला दिलेल्या काही मार्गनोंदीही मागे घेतल्या गेल्या आणि त्याची सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. शेजाऱ्याकडून आलेली प्रत्येक नोंद पडताळून घेण्याची गरज यांतील पहिल्या घटनेने अधोरेखित केली.

म्हणूनच जाळ्याची आखणी करताना आधी उतरंड आणि पर्यायी मार्ग, मग पत्त्यांची वाटणी आणि त्यानंतर प्रोटोकॉल, हा क्रम श्रेयस्कर ठरतो. चुकीचा प्रोटोकॉल पुढे बदलता येतो, पण शेकडो कार्यालयांतील विस्कळीत पत्ते बदलण्यासाठी प्रत्येक ठिकाणी काम थांबवावे लागते. जाळे नागरिकांच्या सेवेत दाखल करण्यापूर्वी एक जोडणी मुद्दाम तोडून पर्यायी मार्ग किती वेळात सुरू होतो, हे तपासणेही तितकेच आवश्यक आहे.