रिसॉर्ट फी माफीचे कूपन : सवलतीमागील हिशेब

बुलडाणा (प्रतिनिधी) - सुटीत गोव्याला जाणारी आणि अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाणारी कुटुंबे आता चिखली, खामगाव, मलकापुरातही आहेत. संकेतस्थळावर खोलीचे भाडे पाहून ही मंडळी खर्चाचा अंदाज बांधतात. प्रत्यक्ष बिल मात्र वेगळेच येते. अशा वेळी जादा शुल्क माफ करणारे एखादे कूपन मिळेल का, हा प्रश्न साहजिक आहे.

रिसॉर्ट फी म्हणजे काय?

लास व्हेगासमधील कॅसिनो हॉटेले इंटरनेट, व्यायामशाळा, जलतरण तलाव आदी सुविधांच्या नावाखाली खोलीभाड्याव्यतिरिक्त दररोज ही रक्कम घेतात. ग्राहकाने सुविधा वापरली नाही तरी ती द्यावीच लागते. अनेक मोठ्या हॉटेलांत ती एका रात्रीस सुमारे ४० ते ५५ डॉलर असते. समजा, खोली ६० डॉलरला आणि फी ५० डॉलर आहे. तर तीन रात्रींचा खर्च १८० नव्हे, ३३० डॉलर होतो. कर वेगळाच.

कूपन का मिळत नाही?

भाडे कमी दिसावे आणि उत्पन्न मात्र घटू नये, हाच या फीचा हेतू. सरसकट माफी दिली तर तो हेतूच उरत नाही. म्हणून कूपन असते ते भाड्यावर, जेवणावर किंवा खेळाच्या टेबलावर. म्हणजे ग्राहकाला आत ओढणाऱ्या गोष्टींवर. एमजीएम आणि सीझर्स या कंपन्या आपल्या सदस्यत्व योजनेतील वरच्या श्रेणीच्या ग्राहकांना फी माफ करतात. पण ही श्रेणी तेथे केलेल्या खर्चातून आणि खेळातून मिळते. ५० डॉलर वाचविण्यासाठी त्याच्या कितीतरी पट रक्कम टेबलावर गेलेली असू शकते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार सक्तीच्या शुल्कासह एकूण किंमत आधीच ठळकपणे दाखविणे बंधनकारक आहे. फीवर मात्र बंदी नाही.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर आणि काही पंचतारांकित हॉटेलांत कॅसिनो आहेत. तेथे प्रवेश, जेवण व खेळाची कूपने एकाच पॅकेजमध्ये विकली जातात. सवलत विचारताना पॅकेजमध्ये काय आहे आणि कर धरला आहे का, हे आधी लेखी घ्यावे. वस्तू व सेवा कर हा सरकारचा असल्याने हॉटेल तो माफ करू शकत नाही.

सेवाशुल्काची गोष्ट निराळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल वा उपाहारगृहाला ते बिलात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना उचलून धरल्या. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करण्याची युक्ती, म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग', नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' विषयक सूचनांत अनुचित प्रकारांत मोडते.

तक्रार कोठे?

आरक्षणाच्या वेळचे पान व बिल जपून ठेवावे. प्रथम हॉटेलला शुल्क वगळण्यास सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. बुलडाण्यात राहणाऱ्या ग्राहकाला, हॉटेल गोव्यात असले तरी, येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही.

कूपन मिळणे न मिळणे हॉटेलच्या मर्जीवर अवलंबून असते. 'सर्व मिळून किती?' हा प्रश्न आरक्षणापूर्वी विचारणे मात्र आपल्या हाती आहे.