लस कमी लागू पडते, म्हणून टाळावी काय?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बाळाला उपकेंद्रावर नेणे भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही मातेला जडच जाते. बाळास डाऊन सिंड्रोम असेल तर ‘अशा लेकराला लस सोसेल का, आणि लागू तरी पडेल का?’ ही शंकाही पाऊल अडविते. शंकेचा दुसरा भाग अगदीच निराधार नाही. म्हणूनच तो नीट समजून घेतला पाहिजे.

मानवी पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, हे फ्रान्समधील झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. या जादा प्रतीचा परिणाम बुद्धीच्या वाढीप्रमाणे रोगप्रतिकारशक्तीवरही होतो. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी लहान राहते. तेथे तयार होणाऱ्या, नव्या जंतूची ओळख करून घेणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यामुळे कमी पडतात. ती ओळख स्मरणात ठेवणाऱ्या पेशीही कमीच असतात. लस टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात खरी, परंतु पुष्कळदा त्यांचे प्रमाण कमी असते आणि जंतूवरील पकडही काहीशी सैल असते. तरीही बहुतेकांना त्यांतून उपयुक्त संरक्षण मिळते.

यावरून लस निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे म्हणजे गाडी उलट्या दिशेने हाकणे होय. ज्याची शिदोरी मुळात थोडी, त्याने एकही मात्रा चुकविणे परवडणारे नाही. या बालकांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. न्यूमोनिया त्यांना अधिक छळतो. ब्रिटनमधील २०२० च्या एका अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दसपट आढळला. भारतात मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वर्षे वयोगटासाठी जी प्राधान्य-यादी झाली, तीत बौद्धिक अपंगत्वाचा समावेश होता.

हृदयदोष किंवा मंद वाढ हे लस नाकारण्याचे कारण नव्हे. गोवर-रुबेलाची लसही देता येते. मात्र रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असल्यास डॉक्टरांनी निर्णय घ्यावा. न्यूमोकोकल लस २०२१ पासून राज्याच्या नियमित कार्यक्रमात आहे. तिच्या सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने अशा तिन्ही वेळा पाळाव्यात. दीड-दोन वर्षांची वर्धक मात्रा मूल चालू लागल्यावर सहज विसरली जाते, तीही चुकवू नये. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत डाऊन सिंड्रोम आहे. पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी पालकांनी लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे आणि राहिलेली मात्रा कोठे व केव्हा मिळेल, हे तेथेच विचारून घ्यावे.