दैनंदिन पोर्तुगीज भाषेत थकवा कसा सांगावा: मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी टिपण

प्रस्तावना

दिल्ली विद्यापीठाच्या जर्मॅनिक व रोमान्स अभ्यास विभागात आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते. महाराष्ट्रातून दिल्लीत शिकायला आलेले काही विद्यार्थी ही भाषा निवडतात. पुढे त्यांतले काही अनुवाद, दुभाषाचे काम किंवा गुरुग्राम-नोएडातील कार्यालयांत ब्राझीलच्या ग्राहकांशी बोलण्याचे काम करतात. ब्राझीलिया आणि साओ पाउलोची वेळ भारताच्या साडेआठ तास मागे आहे. तिथे संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे २.३० झालेले असतात. साहजिकच "मी दमलो आहे" हे वाक्य या मुलांना लवकर लागते आणि नेमके तेच चुकते.

चूक व्याकरणापुरती राहिली तर समोरचा हसून सोडून देतो. पण "कामाने दमलो" म्हणायचे असताना "कामाला कंटाळलो" असे ऐकू गेले, तर वरिष्ठांचे मत बदलू शकते. या घटकात असे गैरसमज कुठे होतात आणि ते कसे टाळावेत, हे पाहू.

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
- थकवा, झोप आणि कंटाळा यांसाठी पोर्तुगीजमधील वेगवेगळ्या रचना ओळखता येतील;
- लिंग-वचनाप्रमाणे विशेषणाचे योग्य रूप वापरता येईल;
- थकव्याचे कारण सांगणे आणि वैताग व्यक्त करणे यांत फरक करता येईल.

उच्चारांविषयी सूचना

पोर्तुगीज शब्द येथे देवनागरीत, ब्राझीलच्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. पोर्तुगालचा उच्चार वेगळा असेल तिथे तसे सांगितले आहे. अनुस्वार म्हणजे नाकातला स्वर. 'कांसादु' म्हणताना 'न' पूर्ण उच्चारू नये. शेवटचा 'उ' आखूड आहे. नुक्ता दिलेला 'ज़' हा 'जहाज' या शब्दातल्या 'ज'सारखा उच्चारावा.

१. मराठीत थकवा कसा सांगतात

आधी आपली भाषा पाहू. मराठीत दोन मुख्य वाटा आहेत. पहिलीत बोलणारा कर्ता असतो: "मी दमलो", "मी थकले". दुसरीत थकवाच कर्ता होतो आणि माणसाला 'ला' लागतो: "मला थकवा आला", "मला झोप येतेय", "मला कंटाळा आलाय". झोप, कंटाळा, राग, भूक या सगळ्या गोष्टी मराठीत आपल्याकडे 'येतात' किंवा आपल्याला 'लागतात'.

पोर्तुगीज माणूस थकव्यात असतो, झोपेसह असतो किंवा त्याच्याजवळ झोप असते. म्हणून 'येणे' या क्रियापदाचे भाषांतर करत बसू नये. आधी थकवा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे, मग रचना निवडावी.

२. मूळ वाक्य: इस्तो कांसादु

"मी दमलोय" यासाठीचे रोजचे वाक्य "इस्तो कांसादु". पोर्तुगालमध्ये सुरुवात "श्तो" अशी ऐकू येते. घाईच्या बोलण्यात दोन्ही देशांत नुसते "तो" उरते: "तो कांसादु".

येथे 'असणे' यासाठी 'इस्तार' हे क्रियापद आहे. पोर्तुगीजमध्ये 'असणे'साठी दोन क्रियापदे आहेत. 'सेर' स्वभाव किंवा ओळख सांगते, 'इस्तार' सध्याची अवस्था. थकवा ही अवस्था असल्याने येथे 'इस्तार'च हवे. गोष्ट दमवणारी असेल तर मात्र 'सेर' आणि वेगळे विशेषण येते: "उ जिआ फोइ कांसाचिवु", म्हणजे "दिवस दमवणारा होता". स्वतःविषयी "सो कांसाचिवु" म्हटले तर अर्थ होतो "मी लोकांना दमवणारा माणूस आहे".

विशेषण बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते:
- पुरुष: इस्तो कांसादु
- स्त्री: इस्तो कांसादा
- अनेक पुरुष किंवा स्त्री-पुरुष मिळून: इस्तामुस कांसादुस
- केवळ स्त्रिया: इस्तामुस कांसादास

पहिल्या दोन रूपांत मराठी विद्यार्थ्याला फारशी अडचण नसते. "मी दमलो" आणि "मी दमले" हा भेद आपण लहानपणापासून करतो. घसरतो तो अनेकवचनात. मराठीत "आम्ही दमलो" हे मुलगे आणि मुली दोघेही म्हणतात, कारण तिथे लिंगभेद उरत नाही. त्यामुळे वसतिगृहातल्या चार मैत्रिणी सहज "इस्तामुस कांसादुस" म्हणून जातात. त्यांनी "कांसादास" म्हणायला हवे.

दुसरी चूक 'खूप' या शब्दाची. त्यासाठी 'मुइंतु' वापरतात. विशेषणाच्या आधी तो बदलत नाही. मुलीनेही "इस्तो मुइंतु कांसादा" असेच म्हणावे. "मुइंता कांसादा" चूक आहे. आपले 'खूप' तरी कुठे बदलते? सौम्यपणे सांगायचे तर 'उं पोकु' म्हणजे 'थोडासा' वापरावा: "इस्तो उं पोकु कांसादु". अनोळखी किंवा वरिष्ठ व्यक्तीसमोर हे बरे दिसते.

३. झोप: इस्तो कों सोनु

"मला झोप येतेय" यासाठी विशेषण लागत नाही, नाम लागते. "इस्तो कों सोनु" याचा शब्दशः अर्थ "मी झोपेसह आहे". पोर्तुगालमध्ये "तेन्यु सोनु", म्हणजे "माझ्याजवळ झोप आहे", हेही नेहमी ऐकू येते. 'सोनु' हे नाम असल्याने स्त्री-पुरुष दोघेही तेच म्हणतात. "खूप झोप येतेय" म्हणजे "इस्तो कों मुइंतु सोनु".

उच्चाराकडे लक्ष द्यावे. 'सोनु' म्हणजे झोपेची गुंगी, 'सोन्यु' म्हणजे स्वप्न. 'न' आणि 'न्य' यांची गल्लत झाली तर "मी स्वप्नासह आहे" असे काहीतरी होऊन बसते.

मराठीच्या जवळ जाणारी एक रचनाही आहे. कंटाळवाण्या तासाविषयी "एसा आउला मि दा सोनु" म्हणतात, शब्दशः "हा तास मला झोप देतो". येथे माणूस कर्ता राहत नाही, आपल्या "मला झोप येते"सारखाच बाजूला बसतो.

४. आत्ता, नुकताच की हल्ली?

पुढील तीन क्रियापदांनी थकव्याचा काळ स्पष्ट होतो:
- इस्तार: "इस्तो कांसादा", आत्ता या क्षणी दमले आहे.
- फिकार: "फिकेइ कांसादा", कशामुळे तरी दमले, थकवा आला.
- आंदार: "आंदु कांसादा", हल्ली काही दिवसांपासून दमल्यासारखे वाटते.

'आंदार'चा मूळ अर्थ चालणे. थकवा घेऊन माणूस दिवसेंदिवस वावरतो, असा हा वापर. मैत्रिणीने "तो कांसादा" म्हटले तर तिला चहा द्यावा. "आंदु कांसादा" म्हटले तर काय झाले ते विचारावे.

५. 'ने' आणि 'ला': या घटकाचा गाभा

मराठीत ही दोन वाक्ये वेगळी आहेत:
- मी कामाने दमलो.
- मी कामाला कंटाळलो.

पहिल्यात काम हे थकव्याचे कारण आहे, तक्रार नाही. दुसऱ्यात काम नकोसे झाले आहे. प्रत्यय आणि क्रियापद मिळून मराठीत अर्थ स्पष्ट करतात. पोर्तुगीजमध्ये मात्र दोन्हीकडे 'कांसादु' आणि दोन्हीकडे 'जि' हे एकच अव्यय येऊ शकते. (पोर्तुगालमध्ये त्याचा उच्चार 'द' असा निसटता होतो.) "इस्तो कांसादु जि त्राबाल्यार" याचा अर्थ "काम करून दमलोय" असाही होतो आणि "काम करायचा वीट आलाय" असाही. स्वर आणि प्रसंग यांवरून ऐकणारा अर्थ लावतो. शिकाऊ माणसाच्या स्वरावर मात्र भरवसा ठेवता येत नाही.

व्यक्तीचे नाव किंवा सर्वनाम आले की संदिग्धता जवळजवळ संपते. "इस्तो कांसादु जि वोसे" म्हणजे "तुला कंटाळलोय". "तुझ्यामुळे धावपळ झाली, दमलो" असा प्रेमळ अर्थ त्यातून निघत नाही. तसेच "कांसेइ जि इस्पेरार" म्हणजे "वाट पाहून वैतागलो, आता पुरे".

म्हणून कारण सांगताना पुढील उपाय वापरावेत:

(अ) वाक्य तोडावे. "इस्तो कांसादु. त्राबाल्येइ मुइंतु." म्हणजे "दमलोय. खूप काम केले." येथे 'जि' नाही, म्हणून तक्रारही नाही.

(आ) 'तांतु' घालावे. "इस्तो कांसादु जि तांतु त्राबाल्यार", म्हणजे "इतके काम करून करून दमलोय". 'तांतु' म्हणजे 'इतका'. तो आला की बोलणे सहसा कारणाकडे झुकते.

(इ) वैतागच सांगायचा असेल तर तो स्पष्ट सांगावा. पोर्तुगालमध्ये "श्तो फार्तु" (स्त्री: फार्ता) म्हणजे "मला वीट आलाय". "नाउं आग्वेंतु माइस" म्हणजे "आता सहन होत नाही". हे थकवा आणि वैताग दोन्हींसाठी चालते.

जे काम मराठीत प्रत्यय करतो, ते पोर्तुगीजमध्ये पूर्ण वाक्याच्या मांडणीने करावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

६. एक 'कंटाळा', तीन पोर्तुगीज शब्द

मराठी 'कंटाळा' हा फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. भाषांतरापूर्वी त्याचे तुकडे करावेत.

- करमत नाही, वेळ जात नाही: "इस्तो इंतेजिआदु" (स्त्री: इंतेजिआदा).
- उठायचा, जायचा, करायचा कंटाळा: "इस्तो कों प्रेगिसा जि लेवांतार", म्हणजे "उठायचा कंटाळा आलाय". 'प्रेगिसा' म्हणजे आळस. झाडावर हळूहळू सरकणाऱ्या दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या प्राण्याचे पोर्तुगीज नावही हेच आहे.
- वीट आला: 'कांसादु जि' किंवा 'फार्तु'.

'शातु' या शब्दापासून सावध राहावे. "आउला शाता" म्हणजे कंटाळवाणा तास. पण "सो शातु" म्हणजे "मी लोकांना पिडणारा माणूस आहे".

७. बोलण्यातले रंग

आपण "जीव गेला", "अंगाचा भुगा झाला" म्हणतो, तसे पोर्तुगीज भाषकही म्हणतात:
- इस्तो मोर्तु (स्त्री: मोर्ता): मेलोय. पूर्ण रूप 'मोर्तु जि कांसासु', थकव्याने मेलेला.
- इस्तो मोईदु (मोईदा): दळून निघालोय.
- इस्तो उं काकु: मी फुटक्या भांड्याचा तुकडा झालोय. आपल्या 'काकू'शी याचा संबंध नाही. हे नाम असल्याने स्त्रियाही 'उं काकु'च म्हणतात.
- इस्तो इज़ाउस्तु (इज़ाउस्ता): पुरता थकलोय. हे औपचारिक प्रसंगीही चालते.

रात्रभर जागून अभ्यास केला हे सांगताना ब्राझीलमध्ये "विरेइ आ नोइचि", म्हणजे "रात्र उलटवली", असे म्हणतात. पोर्तुगालमध्ये त्यासाठी "फिज़ उमा दिरेता" हा प्रयोग आहे. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या वेळेला 'माद्रुगादा' हा एकच शब्द आहे. रात्रपाळी करणाऱ्यांना तो रोज लागेल.

८. नमुना संवाद

प्रसंग: गुरुग्राम, रात्रीचे २.३०. 'अ' ही भारतीय कर्मचारी, 'ब' हा साओ पाउलोमधील सहकारी.

ब: तुदु बें? वोसे इस्ता कांसादा? (बरी आहेस ना? दमलीस का?)
अ: उं पोकु. त्राबाल्येइ मुइंतु. तो कों सोनु. (थोडीशी. खूप काम केले. झोप येतेय.)
ब: कोइतादा! वाइ देस्कांसार. (बिचारी! जा, विश्रांती घे.)
अ: ओब्रिगादा. (आभार.)
ब: बों देस्कांसु! (छान विश्रांती घे!)

'बों देस्कांसु' हे काम संपवून जाणाऱ्याला निरोप देताना म्हणतात. 'ओब्रिगादा' हे स्त्रीचे रूप. पुरुषाने 'ओब्रिगादु' म्हणावे. 'अ'ने तिची स्थिती तीन छोट्या वाक्यांत सांगितली आणि 'जि' कुठेही वापरला नाही, याकडे लक्ष द्यावे.

९. रुग्णालयातील दुभाषासाठी

'कांसासु' म्हणजे थकवा हे नाम. परंतु ब्राझीलच्या काही भागांत, विशेषतः ईशान्येकडे, सामान्य लोक धाप लागण्यालाही 'कांसासु' म्हणतात. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. 'दमणे', 'दम लागणे' आणि 'दमा' हे आपले शब्दही एकमेकांच्या जवळचे वाटतात. दुभाषाने मात्र येथे थांबून रुग्णाला विचारावे: अंगात त्राण नाही, की श्वास पुरत नाही? डॉक्टरांच्या दृष्टीने ही दोन वेगळी लक्षणे आहेत. चुकीचे पोहोचले तर तपासणी भलत्या दिशेने जाऊ शकते.

सारांश

थकव्यासाठी 'इस्तार' व विशेषण, झोप आणि आळस यांसाठी 'इस्तार कों' व नाम. विशेषण लिंग-वचनाने बदलते, नाम बदलत नाही. 'फिकार' थकवा आल्याचे आणि 'आंदार' तो रेंगाळल्याचे सांगते. 'कांसादु'नंतर 'जि' आला की कारण आणि वैताग यांची सरमिसळ होते, म्हणून शंका असेल तिथे दोन वाक्ये करावीत.

स्वाध्याय

१. "आम्ही (चार मैत्रिणी) खूप दमलो आहोत" याचे पोर्तुगीज रूप लिहा.
२. "अभ्यासाने दमलो" आणि "अभ्यासाला कंटाळलो" ही वाक्ये पोर्तुगीजमध्ये अशी सांगा, की ऐकणाऱ्याला शंका राहणार नाही.
३. गेल्या आठवड्यात तुम्ही 'कंटाळा' हा शब्द वापरलेली पाच वाक्ये आठवा. प्रत्येकात तिन्हींपैकी कोणता पोर्तुगीज शब्द बसेल ते कारणासह लिहा.
४. "इस्तो कांसादा" आणि "आंदु कांसादा" ऐकल्यावर तुम्ही काय उत्तर द्याल? प्रत्येकी दोन ओळींचा संवाद लिहा.