संप्रेरक-उपचार : लाभ आणि मोल

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर पोसला जातो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. वृषणे काढून टाकली अथवा स्त्री-संप्रेरके दिली, की हाडांपर्यंत पसरलेला रोगही मागे हटतो आणि वेदनेने खिळलेला रुग्ण उठून बसतो, असा अनुभव आला. या शोधाला १९६६ साली नोबेल पारितोषिक लाभले. मात्र वेदना शमणे आणि रोग नाहीसा होणे यांतील अंतर तेव्हाही होते, आजही आहे.

पहिला धडा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मिळाला. स्टिल्बेस्ट्रॉलची रोज पाच मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू घटले. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. पुढे अँड्र्यू शॅली यांच्या १९७१ मधील संशोधनातून, मेंदूकडून वृषणांकडे जाणारा आदेशच थोपविणारी इंजेक्शने निघाली. शस्त्रक्रिया टळली, परिणाम मात्र टळले नाहीत.

हे परिणाम किरकोळ नाहीत. अंगातून उसळणाऱ्या उष्णतेच्या लाटा, कामेच्छेचा लोप, स्नायूंची झीज, वाढती चरबी, सततचा थकवा आणि खिन्नता यांना रुग्ण सामोरा जातो. हाडे ठिसूळ होऊन साध्या पडण्यानेही मोडतात; मधुमेहाची शक्यता वाढते. सत्तरीतला गृहस्थ यातील निम्म्या गोष्टी पत्नीलाही सांगत नाही, मग डॉक्टरला कोठून सांगणार? ‘वयच झाले’ या एका वाक्यात सारे झाकले जाते.

शिवाय बहुतेक रुग्णांत हा रोग कालांतराने संप्रेरकांच्या अभावातही वाढू लागतो. म्हणूनच नव्या औषधांची जोड द्यावी लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत डोसिटॅक्सेलची जोड दिल्याने मध्यम आयुर्मान ४४ महिन्यांवरून सुमारे ५८ महिन्यांवर गेले. २०१७ मध्ये ॲबिराटेरोननेही असाच लाभ दाखविला. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि, चाचण्यांत निवडले जातात ते बहुधा धडधाकट रुग्ण. हृदयविकार, मधुमेह आणि दुबळी मूत्रपिंडे घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसलेल्या वृद्धाला तोच आकडा जसाच्या तसा लागू पडेल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

आपल्याकडे त्यात खर्चाचा प्रश्न मिसळतो. इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच होते, स्वस्त पडते आणि टेस्टोस्टेरॉन तितकेच खाली आणते. अनेक कुटुंबांत हा निर्णय रुग्णाच्या मनाऐवजी घरच्या जमाखर्चावर ठरतो. गरिबीमुळे निवड आकुंचित होत असेल, तर निदान ती अज्ञानात तरी होऊ नये.

उपचार नाकारावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. हाडांत पसरलेल्या रोगात तो वेदना हलकी करतो, आयुष्य वाढवितो. पण औषध लिहिण्यापूर्वी हृदयाची व हाडांची तपासणी व्हावी, चालणे-व्यायामाचा सल्ला मिळावा आणि पतिपत्नी दोघांना समोर बसवून होणारे बदल स्पष्ट शब्दांत सांगितले जावेत. त्याला पाच मिनिटे अधिक लागतील. वाढलेले महिने कसे जगावयाचे हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याचा तेवढ्या वेळावर निश्चितच हक्क आहे.